कॅमेरा टिचभर, मग ट्रायपॉड केवढा?

आमच्या घरी एक फॅमिली फोटो आहे. बाबांच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाचा. त्यात बाबा आहेत, आई आहे, काका-काकू आहेत, आत्या आहे, बिल्डिंगमधले झाडून सगळे शेजारी आहेत. झेंडूचे हार, शाल, नारळ, कंपनीने दिलेलं घड्याळ, पेढ्यांचा बॉक्स... सगळं सगळं आहे. फक्त एकालाही डोकं नाही!

झालं असं, की बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत टूलरूमला होते. शेवटच्या दिवशी कंपनीची बस त्यांना सोडायला आली तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. बिल्डिंगखाली एकच ट्यूबलाइट. माझ्याकडे नवाकोरा मिररलेस कॅमेरा (फ्रीलान्सिंगचे पैसे साठवून घेतलेला, त्यामुळे जरा जास्तच मिरवायची हौस) आणि त्याच आठवड्यात बाराशे रुपयांना घेतलेला ट्रायपॉड. सगळ्यांना उभं केलं, फ्रेम लावली, दहा सेकंदांचा टायमर दाबला आणि धावत जाऊन आईच्या शेजारी उभी राहिले. त्या दहा सेकंदांत ट्रायपॉडच्या हेडने हळूच मान टाकली. तीन फोटो काढले, तिन्ही वेळा तेच. आणि स्क्रीन उघडून बघायची तसदी मी कधी घेतली? रात्री सगळे जेवून आपापल्या घरी गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाबा सवयीने उठले. फर्स्ट शिफ्टची सवय, अशी एका दिवसात थोडीच जाणार? करायला काही नव्हतं, म्हणून कोपऱ्यातला ट्रायपॉड घेऊन बसले. मी उठले तेव्हा त्यांनी तो वर्तमानपत्रावर निम्मा खोलून ठेवला होता.

‘‘अगं, यात सगळीकडे प्ले आहे,’’ बाबा म्हणाले. ‘‘इथं बुश प्लास्टिकचा, इथं प्लास्टिक, या बॉलला नीट पकडच नाही. कुणी दिला तुला हा?’’

‘‘कॅमेरा किती छोटा आहे बाबा! दुकानदार म्हणाला, एवढ्याला पुरेल.’’

‘‘जॉब छोटा आहे म्हणून फिक्स्चर लेचंपेचं चालतं का?’’

टूलरूमच्या माणसाचं हे एक वाक्य मला नंतर वाचलेल्या डझनभर रिव्ह्यूंपेक्षा जास्त उपयोगी पडलं. तेच आज तुमच्यापर्यंत पोचवतेय.

मोबाइल असताना हे कशाला?

आधी या प्रश्नाचा निकाल लावू. हल्लीचे फोन रात्रीचा फोटो झकास काढतात. एकामागून एक बऱ्याच फ्रेम घ्यायच्या आणि सॉफ्टवेअरने एकावर एक बसवायच्या, हा त्यांचा फंडा. कॅमेऱ्यांतही आता सेन्सर हलवून हाताची थरथर मारणारी स्टॅबिलायझेशनची सोय असते. तेव्हा दुपारच्या उन्हात मित्रांचे फोटो काढायला ट्रायपॉड नको, अगदी मान्य.

पण आपल्या पट्ट्यात राहणाऱ्याला दुपार मिळते कुठे? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत निम्मी तरुणाई शिफ्टवर चालते, उरलेली हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते. फर्स्ट शिफ्टवाला अंधारात निघतो, सेकंडवाला मध्यरात्री परततो, थर्डवाला सूर्योदयाला डोळे चोळत बसमधून उतरतो. आपला फोटोग्राफीचा वेळ म्हणजे पहाट, संध्याकाळ किंवा रात्र. उजेड कमी, शटर जास्त वेळ उघडं. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर हात स्थिर राहायला साधारण १/५० सेकंदाचा वेग हवा, हा जुना ठोकताळा. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांच्या रेघा काढायच्या तर १० सेकंद लागतात. पवना धरणाच्या काठावरून तारे टिपायचे तर २० सेकंद. तिथे कोणाचाही हात टिकत नाही, जिममध्ये कितीही डंबेल मारा.

शिवाय तुम्ही स्वतः फोटोत हवे असाल तर कॅमेरा कोणीतरी धरायलाच हवा ना? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला, तो कुंडीतल्या रोपासमोर कॅमेरा ठेवून रोज थोडं थोडं चित्रण करून. कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि तो तिथेच राहायचा, एवढीच ट्रायपॉडची नोकरी. ती त्याला जमत नसेल तर तो नुसता तीन पायांचा खर्च.

वजनाचं गणित कुठे चुकतं?

सोनीचा ए६००० हा एकेकाळी इकडे तुफान लोकप्रिय झालेला कॅमेरा. बॅटरी आणि कार्डासकट वजन ३४४ ग्रॅम. कॅननचा आर५० ३७५ ग्रॅम, निकॉनचा झेड३० ४०५ ग्रॅम. सोबतची छोटी झूम लेन्स लावली तरी अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीएवढं प्रकरण. ट्रायपॉडच्या खोक्यावर मात्र लिहिलेलं असतं, ‘क्षमता ५ किलो’. मग काय, आपण खूश! दहा कॅमेरे मावतील की याच्यावर.

इथेच फसगत होते. हा आकडा बहुतेक कंपन्या आपापल्या पद्धतीने ठरवतात. सगळ्यांसाठी एकच चाचणी आहे आणि तिचा निकाल खोक्यावर छापलाय, असं काही नसतं. पाच किलो ठेवल्यावर पाय मोडणार नाहीत, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. आपल्याला हवंय वेगळंच. वारा आला, शेजारून ट्रेलर गेला, बटण दाबलं, तरी कॅमेरा केसभर हलता कामा नये. याला म्हणतात कडकपणा, आणि त्याचा वजन पेलण्याशी संबंध आपल्याला वाटतो तेवढा नाही.

उलट हलक्या कॅमेऱ्याची एक गोची असते. जड कॅमेरा निदान स्वतःच्या वजनाने ट्रायपॉडला जमिनीत दाबून धरतो. हलका कॅमेरा आणि हलके पाय अशी जोडी जमली की सगळा डोलारा वाऱ्यावर नाचतो. म्हणून छोट्या कॅमेऱ्याला छोटुकला ट्रायपॉड हे गणित सोडा. माझ्या मते हेड धरून सव्वा ते दीड किलोचा ट्रायपॉड बरा. त्याहून हलका घेतला तर डगमगतो. दोन किलोच्या पुढे गेला तर पहिल्या महिन्यात मिरवला जातो आणि मग कपाटावर पडून राहतो. घरी ठेवलेल्या ट्रायपॉडइतका अस्थिर ट्रायपॉड दुसरा नाही!

आधी पाय बघा

दुकानात ट्रायपॉड हातात घेतलात की सगळ्यात खालची नळी बघा. सगळ्यात बारीक तीच, आणि सगळा तोल तिच्यावर. बाबांनी मला कागदावर समजावून सांगितलं ते असं: पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वाकायला होणारा विरोध दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होतो. म्हणजे बोरूसारख्या पायांचा ट्रायपॉड थोडासाच बारीक दिसतो, पण कित्येक पट लेचापेचा असतो.

पायाचे तुकडे किती, हेही मोजा. तीन तुकड्यांच्या ट्रायपॉडला एकूण ६ लॉक, चार तुकड्यांच्याला ९, पाच तुकड्यांच्याला १२. तुकडे जितके जास्त तितका तो घडी घालून लहान होतो, बॅगेत मस्त बसतो, आणि तितकाच खालचा तुकडा बारीक होतो. शिवाय प्रत्येक लॉक म्हणजे ढिलं पडायची एक जागा. मी चार तुकड्यांवर तडजोड केली. पाय उलटे वळून हेडभोवती मिटतात, तो प्रकार. साधारण ४० सेंटिमीटरची घडी होते आणि ऑफिसच्या सॅकमध्ये उभी मावते. बाईकवाल्यांनो, कृपा करून ट्रायपॉड पाठीवर आडवा बांधू नका. चाकण चौकातली गर्दी तुम्हाला माहीत आहे. बाजूच्या रिक्षात बसलेल्या काकूंचं नाक तुमच्या आर्टपेक्षा मोलाचं आहे.

मधला दांडा, म्हणजे सेंटर कॉलम, हा तर चक्क मोहजाल. तो वर केला की उंची मिळते, पण तुम्ही तीन पायांवर एक काठी उभी करून तिच्या टोकाला कॅमेरा ठेवलेला असतो. तेव्हा उंची मोजायची ती कॉलम खाली असताना. तुमची उंची ५ फूट ५ इंच असेल तर नुसत्या पायांची उंची १३५ ते १४० सेंटिमीटर पुरे. वर हेड आणि कॅमेरा बसला की व्ह्यूफाइंडर डोळ्यांपाशी येतो. झेड३० सारख्या कॅमेऱ्याला तर व्ह्यूफाइंडरच नाही, स्क्रीन वळवून बघायची. मग १२० सेंटिमीटरचे पायही चालतील आणि पैसे वाचतील.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर? गित्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचे पाय आणले तेव्हापासून हा वाद चालू आहे. कार्बन हलका, थंडीत हाताला गार लागत नाही, बसलेला हादरा लवकर मुरवतो. पण या आकाराच्या ट्रायपॉडमध्ये वाचणारं वजन पाव किलोच्या आसपास आणि किंमत मात्र बरीच वर. आपटला तर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला तडा जाऊ शकतो. पहिला ट्रायपॉड असेल तर डोळे झाकून ॲल्युमिनियमचा घ्या, उरलेले पैसे हेडवर घाला.

मान कोणाची, कशी?

आणि हेडवर पैसे घालाच. माझा फोटो पायांनी नाही, मानेने घालवला.

बॉल हेड म्हणजे खोबणीत बसवलेला गोळा. एक नॉब सैल केला की कॅमेरा हवा तिकडे वळवा, घट्ट केला की थांबला. छोट्या कॅमेऱ्याला हेच सगळ्यात सोयीचं. आटोपशीर, पटकन लागणारं, बॅगेत न खुपणारं. त्याची परीक्षा दुकानातच घ्यायची. तुमचा कॅमेरा, तुमच्याकडची सगळ्यात जड लेन्स लावून, घेऊन जा. भिंतीवरच्या घड्याळाचा मधला बिंदू बरोबर फ्रेमच्या मध्ये धरा आणि नॉब आवळा. आवळताना बिंदू सरकला? आवळल्यावर मिनिटभरात हळूहळू खाली गेला? तर नमस्कार करून दुसरं हेड मागवा. थोडीशी घसरण बऱ्याच हेडना असते, पण दर वेळी मुद्दाम वर धरून आवळावं लागत असेल तर चिडचिड ठरलेली. गोळा जितका मोठा तितकी पकड साधारणपणे चांगली आणि हालचाल मऊ. हेडच्या तळाशी वेगळा पॅनचा नॉब असेल तर उत्तम, म्हणजे गोळा न हलवता कॅमेरा नुसता डावी-उजवीकडे फिरतो.

आता उभा फोटो. बॉल हेडला एका बाजूला खाच असते, त्यात गोळ्याची दांडी आडवी केली की कॅमेरा उभा होतो. पण मग सगळं वजन एका बाजूला लटकतं, ट्रायपॉडचा तोल जातो आणि कॅमेरा स्क्रूभोवती गोल फिरायला बघतो. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातला १०७ मीटरचा ध्वजस्तंभ (२०१८ मध्ये उभारलेला) एका फ्रेममध्ये बसवायला गेलात की पहिल्या पाच मिनिटांत याचा अनुभव येईल. त्यावर उपाय एल आकाराची पट्टी. ती कॅमेऱ्याला कायम लावून ठेवायची, उभा फोटो हवा तेव्हा कॅमेरा सोडवून दुसऱ्या बाजूने बसवायचा. मात्र ती तुमच्या मॉडेलचीच घ्या.

लांब दांड्यांचं थ्री-वे हेड तुम्ही जुन्या स्टुडिओत पाहिलं असेल. त्यात वर-खाली, डावी-उजवी, तिरपं अशी प्रत्येक दिशा वेगळी हलते. इमारती, घरगुती बिझनेससाठी वस्तूंचे फोटो, आईच्या दिवाळी अंकासाठी रेसिपीचे फोटो, यांना ते झक्कास. फिरतीला मात्र दांड्या सगळीकडे अडकतात. आणि व्हिडिओ काढणार असाल तर फ्लुइड हेड. ते तेलकट गतीने, झटका न देता वळतं. रीलवाल्यांनी बॉल हेडवर पॅनिंगचा अट्टाहास केला की बघणाऱ्याला लोणावळ्याच्या घाटातल्यासारखी मळमळ होते.

आटे, डव्हटेल आणि बाबांचा व्हर्निअर

आता जो भाग सांगणार आहे, तो आपल्या पट्ट्यातल्या मंडळींना शाळेतल्या पाढ्यांसारखा येतो. कॅमेऱ्याच्या बुडाला जो स्क्रू बसतो, तो पाव इंची, इंचाला २० आटे. हेड आणि पाय यांच्यामधला बहुतेक वेळा ३/८ इंची, इंचाला १६ आटे. जगभर हेच. म्हणून जपानी कॅमेरा, इटालियन हेड आणि चिनी पाय सुखाने एकत्र नांदतात.

माझा एक मित्र चाकणला प्रॉडक्शनमध्ये आहे. त्याने शॉपमधला एम६ बोल्ट लावून जुगाड करून बघितला. दोन आटे गेले आणि बसला अडकून. साहजिक आहे. एम६ चा व्यास ६ मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि अंतर १.२७. जवळजवळ सारखे दिसतात, पण जुळत नाहीत. कॅमेऱ्याच्या बुडाचे आटे गेले तर सर्व्हिस सेंटरचं बिल येतं, हे तो आता सगळ्यांना सांगत फिरतो.

स्क्रूच्या वर येते ती क्विक रिलीज प्लेट. इथे कंपन्यांनी आपापल्या चुली मांडल्या आहेत. त्यातल्या त्यात आर्का-स्विस पद्धतीची, साधारण ३८ मिलिमीटर रुंद, तिरप्या कडांची प्लेट सगळीकडे चालते. लेथच्या स्लाइडवर जे डव्हटेल असतं, तेच हे. बाबांचा चेहरा ते बघून इतका खुलला, की जणू जुना सहकारी भेटला. पण ही पद्धत कोणी शिक्का मारून ठरवलेली नाही, मापं थोडी इकडेतिकडे होतात. त्यामुळे खटका दाबून बंद होणाऱ्या लिव्हरच्या पकडीत दुसऱ्या कंपनीची प्लेट ढिली बसू शकते. नॉब फिरवून आवळायची पकड सगळ्यांना सामावून घेते. सेकंडहँड मॅनफ्रोटो घेत असाल तर प्लेट आधी बघा. त्यांची जुनी २००पीएल प्लेट आर्काच्या पकडीत बसत नाही, आणि प्लेटशिवाय आलेलं हेड म्हणजे किल्लीशिवायचं कुलूप.

छोट्या कॅमेऱ्याची खास अडचण म्हणजे स्क्रूच्या भोकाशेजारीच बॅटरीचं दार. मोठी प्लेट लावली की दार उघडत नाही. दर वेळी बॅटरी बदलायला प्लेट काढायची, परत लावायची, फ्रेम परत जुळवायची... वैताग! प्लेट छोटी हवी, पण इतकीही नको की लेन्स जड झाल्यावर कॅमेरा तिच्यावर गोल फिरेल. वर रबराचा जाड थर असेल तर तोही टाळा. तो कॅमेऱ्याला ओरखडे पडू देत नाही, खरं, पण दाबला की फुगतो आणि तिथेच प्ले येतो.

आम्ही पुण्यातल्या दुकानात गेलो तेव्हा बाबांनी खिशातून व्हर्निअर काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पण काउंटरवरचा मुलगा एकदम सावरून बसला, त्याने शोकेसमधली चांगली दोन मॉडेल बाहेर काढली. बाबांनी खालच्या नळ्या मोजल्या, पाय पूर्ण लांब केले, वर तळवा ठेवून हलकं पिळून बघितलं, मग पायावर टिचकी मारून बोटाने थरथर किती वेळ राहते ते पाहिलं. तुमच्याकडे व्हर्निअर नसेल, पण तळवा आणि टिचकी तर आहे. ऑनलाइन स्वस्त मिळतो हे मलाही माहीत आहे, पण टिचकी ऑनलाइन मारता येत नाही.

शेवटी घेतला त्याची किंमत माझ्या पहिल्या ट्रायपॉडच्या सहापट. आई दोन दिवस बोलली नाही.

घेतला, आता वापरा

पहिली गोष्ट, ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला की स्टॅबिलायझेशन बंद. काही नवे कॅमेरे हे आपोआप ओळखतात, पण सगळे नाही, आणि नसलेली थरथर शोधत बसलेला सेन्सर फोटो उलट बिघडवू शकतो. दुसरी, बोटाने बटण दाबून लगेच फोटो नको. दोन सेकंदांचा टायमर लावा. तिसरी म्हणजे पहिला फोटो मोठा करून बघा. तिथल्या तिथे! हे मी का सांगतेय ते तुम्हाला माहीत आहे.

नाशिक फाट्याचा दुमजली जेआरडी टाटा उड्डाणपूल रात्री काय दिसतो! दिव्यांच्या रेघांसाठी आपल्याकडे याहून भारी जागा नाही. पण उभं राहायचं ते बाजूला, पक्क्या जमिनीवर. पुलावर किंवा पादचारी पुलावर ट्रायपॉड लावलात तर ट्रक गेला की पूल हलतो, पुलासोबत तुम्ही आणि ट्रायपॉडही. कितीही महाग पाय घेतलेत तरी जमीनच हलत असेल तर ते काय करणार? वारा असेल तर कॉलमच्या आकड्याला सॅक अडकवा, पण ती जमिनीला जराशी टेकू द्या. हवेत लोंबकळणारी सॅक घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि होतं ते उलटंच.

ट्रायपॉड उघडला की तुम्ही लोकांच्या नजरेत ‘शूटिंगवाले’ होता, हेही लक्षात ठेवा. हातात धरलेल्या कॅमेऱ्याकडे न बघणारा वॉचमन तीन पाय दिसताच शिट्टी मारतो. एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटसमोर लावायच्या भानगडीत पडू नका. देहूरोड तर कॅन्टोन्मेंट, तिथे लष्कराच्या हद्दीच्या आसपास कॅमेरा बॅगेतच बरा. कार्ला, भाजे, लोहगड ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं. तिथे ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते.

तिथे आणि चाकणच्या संग्रामदुर्गासारख्या ठिकाणी मी वेगळीच युक्ती करते. (हा तोच भुईकोट, जो १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध दीड महिन्याहून जास्त लढवला.) जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून आईने त्यात अर्धा किलो तांदूळ भरून दिलेत. दगडावर पिशवी, पिशवीत रुतवून कॅमेरा. साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याला याहून स्वस्त आणि पक्का आधार नाही. मोठ्या कॅमेऱ्यावाल्यांना ही चैन नाही, बरं का. वळणाऱ्या पायांचे गोरिलापॉडसारखे छोटे स्टँडही याच कामाचे. रेलिंगला गुंडाळायला छान, पण जड लेन्स लावली की सांधे हळूहळू सोडतात, आणि मान टाकणारं काही आता माझ्या घरात नको.

आणि तुकोबांच्या पालखीला ट्रायपॉड नेऊ नका. पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. अनवाणी चाललेल्या माणसांच्या पायात तुमचे तीन पाय? नकोच. तो फोटो हातात कॅमेरा धरून, थोडा हललेला आला तरी चालेल.

पावसाळ्यात भंडारा डोंगरावर किंवा घोरावडेश्वरला जाल तेव्हा सगळ्यात खालचा तुकडा आधी थोडा बाहेर काढा, म्हणजे लॉक चिखलाच्या वर राहतो. घरी आल्यावर पाय पुसल्याशिवाय मिटू नका. चाकणच्या रस्त्यांवरची बारीक धूळ लॉकमध्ये गेली की दर वेळी करकर ऐकू येते. आमच्या घरी हे काम बाबांनी अंगावर घेतलंय. दर रविवारी सकाळी ट्रायपॉड खोलतात, पुसतात, जोडतात. खरं तर एवढी गरज नसते, मी काही बोलत नाही.

तो फोटो परत काढायचा प्रयत्न आम्ही केला. काकांना सुट्टी नव्हती, शेजारचे गावाला गेले होते, पुढच्या महिन्यात करू, दिवाळीत करू असं चाललं. आत्या पाच महिन्यांनी गेली. त्या संध्याकाळचा तिचा फोटो म्हणजे हिरव्या साडीचा पदर आणि पेढ्याचा बॉक्स धरलेले दोन हात. बाबांनी तो तसाच फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. पाहुणे हसतात. मग चपला आणि बांगड्यांवरून कोण कोण ते ओळखत बसतात.

बाराशे रुपयांचा ट्रायपॉड त्यांनी टाकू दिला नाही. तो सध्या गॅलरीत तोंडलीच्या वेलाला आधार देतोय. वेल काही फार जड नाही, तरी दर दोन दिवसांनी मान वर करून द्यावी लागते.